दोन फेऱ्यांची मुभा

नो-गो गेज भोकात शिरला हे पंकजाला डोळ्यांनी कळलं. बोटांना त्याचा पत्ताच नव्हता. सकाळचे सव्वादहा झाले होते. सुप्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या गेज-रूममध्ये रोजच्यासारखा वीस अंशांचा गारवा होता, टेबलावरच्या हिरव्या रबरावर ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट होता आणि त्याच्या दुसऱ्या भोकात तिच्या उजव्या हातातला गेज, आट्यांचं माप तपासायचा छोटा पोलादी दांडा, फिरत होता. एक फेरा, दीड फेरा. इथे तो जड व्हायला हवा. जड झाला असं तिला वाटलं, म्हणजे इतक्या वर्षांच्या सवयीनं वाटलं, आणि रजिस्टरात बरोबरची खूण करायला ती वळणार तेवढ्यात तिची नजर गेजच्या लाल पट्ट्यावर गेली. पट्टा भोकाच्या तोंडाशी येऊन पोचला होता. साडेतीन फेरे तरी आत गेला असेल. अंगठा आणि दोन बोटं त्याला मुकाट फिरवत राहिली होती. तिनं गेज उलटा फिरवून बाहेर काढला, पुसला, पुन्हा लावला. या वेळी नजर न हलवता. गेज गेला तसाच आत गेला, तेलात बुडवल्यासारखा, आणि बोटांना वाटत राहिलं की अडलाय, अडलाय.

बाहेरच्या माणसाला हे काम सांगायला गेलं तर फार किरकोळ वाटतं. अजिनाथला, तिच्या नवऱ्याला, लग्नानंतर तिनं एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. केडगावात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, त्यामुळे तांब्याच्या तारेचं माप त्याला कळायचं. ॲल्युमिनियम मऊ असतं, तिनं सांगितलं होतं, त्यात सरळ आटे पाडून बोल्ट आवळला तर आटे सोलून निघतात. म्हणून भोक थोडं मोठं पाडायचं आणि त्यात पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवायची. तिला इन्सर्ट म्हणतात. बोल्ट त्या गुंडाळीत बसतो. आता भोकच प्रमाणाबाहेर मोठं झालं तर गुंडाळी सैल बसते आणि बोल्ट आवळताना गुंडाळीसकट हातात येतो. एकदा गुंडाळी आत गेली की भोकाचा दोष झाकला जातो, मग गेजनं तपासून काही कळत नाही. म्हणून तपासायचं ते आधी. गेजचं हिरवं टोक, 'गो', शेवटपर्यंत सहज गेलं पाहिजे. लाल टोक, 'नो-गो', दोन फेऱ्यांच्या आत अडलं पाहिजे. दोन फेऱ्यांची मुभा, त्यापुढे नाही. दोन्ही टोकांच्या मापांत फरक एखाद्या जाड केसाएवढा. "म्हणजे तू दिवसभर केस मोजतेस," अजिनाथ हसून म्हणाला होता, आणि ते तिला आवडलं होतं. पण एक गोष्ट तिला त्याला नीट सांगता आली नव्हती. अडणं म्हणजे भिंतीला टेकणं नसतं. गेज हळूहळू जड होतो, ओल्या मातीतून चालताना पाय होतो तसा, आणि तो जडपणा नेमका कुठे सुरू झाला हे कागदावर कितीही लिहिलं तरी शेवटी अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या पेरांनाच कळतं. त्या पेरांच्या कळण्यावर ती अकरा वर्षं या खुर्चीत बसली होती.

तिनं तो ब्रॅकेट लाल पेटीत टाकला. मग उजव्या हाताची पेरं डाव्या हातानं दाबून पाहिली. जाड कापडावरून कुणीतरी दाबावं तसं लागलं. दिवाळीत चकलीच्या सोऱ्याचं निमित्त झालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे हात मेल्यासारखा होऊन जाग आली, झटकला, मुंग्या आल्या, गेल्या. मग ते रोजचंच झालं. पहाटे उठायचं, पलंगाच्या कडेला बसून हात झटकायचा, पाण्याखाली धरायचा. बांगडी जड वाटते म्हणून तिनं काढून ठेवली. भाजी चिरताना एकदा अंगठ्यावर सुरी फिरली ते रक्त दिसल्यावर समजलं, तर सुरीला धारच लई आहे म्हणून अजिनाथलाच बोलली. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण सापडत गेलं. आणि गेज-रूममध्ये? तिथे तर काही बिघडलंच नव्हतं. हात आपोआप फिरत होता, खुणा होत होत्या, रजिस्टरची पानं भरत होती. आता ती तीच पानं मागे मागे चाळू लागली. आपण तपासत होतो, की तपासल्याची आठवण काढत होतो?

हे काम तिला गहिनीनाथ मामांनी शिकवलं. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. पारनेरचे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. नगरच्या आयटीआयमधून आलेली ही किडकिडीत पोरगी गेज मुठीत धरते हे पाहून त्यांनी तिच्या हातातून तो काढून घेतला होता. मुठीत धरलेल्या गेजला आपण सांगतो, बोटांत धरलेला आपल्याला सांगतो, असं काहीसं ते म्हणाले होते. मग आठवडाभर त्यांनी तिला फक्त चांगली भोकं फिरवायला दिली, एकही खराब नाही. आठव्या दिवशी न सांगता मध्येच एक खराब दिलं. तिची बोटं तिथे थांबली. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला नव्हता. पाथर्डीच्या त्या कोरड्या पट्ट्यातल्या, वर्षातले पाच महिने उसाच्या फडात काढणाऱ्या घरातल्या तिच्या हातांना असं काही येतं, ज्याला ताकद लागत नाही, हे तिला तोवर माहीत नव्हतं. घरी सगळ्यांचे हात जोराचे. आईचे हात तर विशेषच. झुंबरबाईंची मोळी सरळ, घट्ट, बापय गड्याच्या तोडीची, असं मुकादम दहा जणांत सांगायचा.

आणि आता लाल पेटीशेजारी बसल्या बसल्या, इतक्या वर्षांत न आठवलेलं एक तिला आठवलं. श्रीगोंद्याकडचा फड होता. ती आठ-नऊ वर्षांची असेल. कोपीच्या, म्हणजे उसतोड्यांच्या झोपडीच्या, तोंडाशी पाचटावर ती निजलेली असायची आणि उजाडायच्या आधी आई बाहेर उभी राहून हात झटकत असायची. जोरजोरात, पाणी झटकावं तसे. पंकजाला वाटायचं आई काहीतरी हाकलतेय. एके दिवशी सकाळी उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करत आईच्या मागे चालताना तिला तोडलेल्या उसांवर लाल ठिपके दिसले, एकावर, मग दुसऱ्यावर. तिनं वर पाहिलं तर आईचा उजवा अंगठा उघडा पडलेला आणि आई कोयता चालवतेच आहे. पंकजा ओरडली तेव्हा आईनं हाताकडे पाहिलं. तो चेहरा तिला आत्ता जसाच्या तसा दिसला. त्यावर दुखणं नव्हतंच. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा होता तो. पदराची चिंधी फाडून अंगठ्याला गुंडाळता गुंडाळता आई खालच्या आवाजात म्हणाली होती, "कुनाला सांगू नको." तिनं सांगितलं नाही. बापालासुद्धा नाही. नवरा-बायकोच्या जोडीतला एक हात कमी पडला तर मुकादम जोडीच परत धाडतो हे त्या वयातही फडातल्या पोरांना ठाऊक होतं. शहाणी पोर म्हणून आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला होता.

काचेपलीकडे लोडिंगच्या धक्क्यावर टेम्पो लागला होता. दोनशे चाळीस ब्रॅकेट, कालपर्यंत तिनं पास केलेले, खोक्यांत बसून चाकणला निघायच्या बेतात होते. प्रत्येकाला चार भोकं. हा ब्रॅकेट रुग्णवाहिकेत स्ट्रेचरच्या खाली बसतो. रुळावरून आत सरकवलेला स्ट्रेचर जो खटका धरून ठेवतो, तो खटका या चार बोल्टांवर असतो. गेल्या वर्षी पाहुणे म्हणून आलेल्या गिऱ्हाईकाच्या इंजिनिअरनं सगळ्या कामगारांना मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला होता. गाडी ब्रेक मारते, आत झोपलेला माणूस जागचा हलत नाही. तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. आता तो झोपलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. त्याला चेहरा नव्हता, पांघरूण तेवढं होतं. टेम्पो दोनला सुटतो. मधल्या पावणेचार तासांत ती काही बोलली नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. एक खराब भोक मिळालं, पेटीत टाकलं, झालं. तिचं काम तिनं केलं असंच रजिस्टर म्हणालं असतं. आणि बोलली तर? उद्यापासून पॅकिंगला. खोकी, पट्ट्या, उभ्यानं आठ तास. त्याचंही तिला एवढं वाटलं नसतं. पण मामांनी ज्या हातात गेज दिला तो हात आता निकामी आहे हे आपल्याच तोंडानं म्हणायचं, हे तिला जमेना. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा आपलाही झाला असेल असं तिला वाटलं, आणि आरशात पाहायला नको म्हणून ती हात धुवायलासुद्धा गेली नाही.

बारा वाजता ती शॉपवर छगनभाऊंकडे गेली. भोकांना आटे पाडायचं मशीन त्यांच्याकडे होतं. त्यातला आटे कापणारा टॅप कधी बदलला ते तिनं विचारलं. काल दुपारी, नवाकोरा, ते म्हणाले, आणि नवा टॅप मोठं भोक पाडेलच कसा असा उलट सवाल त्यांनी केला. तपासणीवाले आले की मशीनवाल्यांच्या आवाजात येते ती धार त्यांच्याही आवाजात होती. पंकजानं वाद घातला नाही. लाल पेटीतला ब्रॅकेट तिनं त्यांच्या हातात दिला आणि गेजही दिला. छगनभाऊंनी गेज लावला, फिरवला, आणि त्यांची मान हळूच वाकडी झाली. ते मशीन बंद करायला वळले. तेवढ्यानं पंकजाला एक गोष्ट समजली. मान वाकडी होण्याआधी छगनभाऊंची बोटं थांबली होती. दोन फेऱ्यांवर जडपणा यायचा होता, तो आला नाही, हे त्यांच्या राठ, तेलकट बोटांना लगेच कळलं होतं.

क्वालिटीचे मॅनेजर रविराज जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा ती केबिनच्या दारात उभी राहिली. वयानं तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, श्रीगोंद्याकडच्या बागायतदाराचा मुलगा, पुण्यात शिकलेला. ती त्यांना सर म्हणायची आणि ते तिला पंकजाताई. ज्या उसात तिची आई अंगठा गुंडाळून उभी होती तो ऊस कदाचित यांच्याच शिवारातला असेल, असा एक वाकडा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिनं काय बोलायचं ते मनात जुळवून आणलं होतं. एक भोक मोठं निघालंय, टॅपचा होल्डर पाहायला हवा, लॉट एकदा नजरेखालून घालूया. एवढ्यावर निभावलं असतं. पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा दुसरंच बाहेर पडलं.

"सर, माझ्या बोटांना कळत नाही."

रविराजांना आधी समजलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. मुंग्या, पहाटेचं झटकणं, सुरी, आजचा गेज. उजवा हात तिनं टेबलावर ठेवला होता, एखादा पार्ट तपासायला द्यावा तसा. बोलताना ती हाताकडेच पाहत होती. रविराजांनी डबा बाजूला सारला. बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिले. हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं. दिवाळीपासून, तिनं सांगितलं. फेब्रुवारी चालू होता. "आणि तुम्ही आज सांगताय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी ते वाक्य तिला लागायचं तिथे लागलं. तिनं मान हलवली. रविराजांनी फोन उचलला आणि टेम्पो रिकामा करायला सांगितलं. मग चाकणला फोन लावून, आजचा माल उद्या येईल, आमच्याकडे तपासणीत शंका आली आहे, एवढंच स्वच्छ सांगितलं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले की अकरा वर्षं एकाच माणसाला त्याच गेजवर बसवून ठेवलं हेही कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. असं म्हणून ते शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले. पंकजाला ते काय करताहेत हेच कळेना.

दीडच्या सुमाराला गेज-रूममध्ये दोन टेबलं जोडून लागली. कपाटातला दुसरा गेज, नुकताच कॅलिब्रेशन होऊन आलेला, पाकिटातून निघाला. नऊशे साठ भोकं. रविराज एका टेबलाशी बसले आणि पंकजा दुसऱ्या, डाव्या हातात गेज घेऊन. डाव्या हाताला फिरवण्याची सवय नव्हती पण त्याची बोटं जिवंत होती. गेजच्या दांड्यावर तिनं पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला, म्हणजे बोटं चुकली तरी डोळे फेरे मोजतील. पहिली वीसेक भोकं तिला एखाद्या नवख्या पोरीसारखी गेली. गेज तिरका लागायचा, पहिला आटाच सापडायचा नाही. मग डावा हात हळूहळू शिकत गेला. मध्येच तिचं लक्ष शेजारी गेलं. रविराज दात आवळून गेज पिळत होते आणि त्यांनी एका तासात सहा ब्रॅकेट बाद करून ठेवले होते. सहा! तिनं त्यातला एक उचलला, डाव्या हातानं नो-गो लावला. दीड फेऱ्यावर तो छान जड झाला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. साहेबाला कसं सांगायचं? मग म्हणाली, "सर, जोर देऊ नका. जोर दिला तर नो-गो कुठंही जातो." रविराजांनी तिच्याकडे पाहिलं, गेजकडे पाहिलं, आणि मूठ सोडून तो बोटांत धरला. असा का, त्यांनी विचारलं. आणखी सैल, ती म्हणाली. पुढे एकदा त्यांचं 'गो' टोक एका भोकात शिरेना, तेव्हा तिनं हवेची नळी मारायला सांगितलं. ॲल्युमिनियमचा बारीकसा कीस उडाला आणि गेज सुळकन खाली गेला. रविराज लहान मुलासारखे खूष झाले. ती शिकवत होती आणि साहेब शिकत होते, आणि हे आपण आपलं दुखणं सांगितल्यानंतर घडतंय, याचा मेळ तिला लागत नव्हता. आत कुठेतरी सकाळपासून पिळलेलं काहीतरी सैल होत चाललं होतं. तिनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं. अजून सातशे भोकं होती.

मध्येच छगनभाऊ येऊन गेले. टॅप आणि होल्डर यांच्यामध्ये कीस अडकला होता, त्यामुळे टॅप डुलत होता, त्यांनी सांगितलं. आज सकाळचे सात ब्रॅकेट वाया गेले. ते त्यांनी स्वतःच लाल पेटीत आणून टाकले आणि जाताना पंकजाला म्हणाले की ताई, तुमी आला नसता तर संध्याकाळपातूर मी पाडीतच राहिलो असतो.

साडेचारला रविराजांनी तिला हाक मारली. एकशे सतरा नंबरचा ब्रॅकेट, तिसरं भोक. त्यांनी तो तिच्या हातात दिला. तिनं गेज लावला. दोन फेरे झाले. पांढरा ठिपका तिसऱ्यांदा वर आला, चौथ्यांदा अर्ध्यात पोचला तेव्हा कुठे गेज जड झाला. तिनं रजिस्टर उघडलं. एकशे सतराच्या ओळीत चारही चौकोनांत तिच्या हातच्या खुणा होत्या, एकसारख्या, नेटक्या. आयटीआयमध्ये तिच्या अक्षराचं कौतुक व्हायचं. ती त्या तिसऱ्या खुणेकडे पाहत राहिली. तर हे होतं. दिवसभर ज्याला ती घाबरत होती ते खरंच होतं, आणि ते एवढंसं होतं, तिच्या तळहातावर मावणारं. तिला वाटलं होतं ते समोर आलं की आपण कोसळू. तिनं लाल पेन घेतलं, खुणेवर काट मारली, शेजारी सही केली, तारीख टाकली. सव्वापाचला शेवटचा ब्रॅकेट संपला. नऊशे साठांत एक. बाकी नऊशे एकोणसाठ भोकं तिच्या मेलेल्या बोटांनी, सवयीनं म्हणा की कशानं, बरोबर सांगितली होती. की छगनभाऊंनीच नीट पाडली होती म्हणून ती बरोबर निघाली? बहुतेक दुसरंच खरं होतं. आणि ते खरं असण्यानंही तिला बरं वाटलं, कारण मग सगळं एकट्या तिच्या बोटांवर टांगलेलं नव्हतं.

दिवाळीपासून गेलेल्या चार लॉटचा प्रश्न मात्र उरलाच होता. रविराजांनी त्याच संध्याकाळी चाकणला सविस्तर मेल केली. बुधवार, गुरुवार पंकजानं पॅकिंगमध्ये काढले, कुणी धाडलं म्हणून नाही, तिनंच मागून घेतलं. रस्त्यानं एखादी रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली की ती हातातलं काम थांबवायची आणि आवाज विरेपर्यंत थांबायची. पुणे रस्त्यावर त्या किती असतात हे तिला त्या दोन दिवसांत कळलं. शुक्रवारी साडेअकराला रविराज स्वतः धक्क्यावर आले. चाकणला इन्सर्ट बसवल्यावर प्रत्येक भोकात बोल्ट घालून ठरलेल्या जोराच्या दीडपट आवळून पाहतात, आणि त्याची नोंद असते. चारही लॉटच्या नोंदी त्यांनी काढून पाहिल्या होत्या.

"एकही बोल्ट सुटला नाही, पंकजाताई. एकही नाही."

ती हो म्हणाली. रविराज गेल्यावर तिला एकदम प्रचंड भूक लागली. मंगळवारपासून आपण काय जेवलो, जेवलो की नाही, हे तिला आठवेना. जेवणाच्या सुट्टीला अजून तास होता. तिनं पिशवीतून डबा काढला आणि खोक्यांच्या आडोशाला उभ्या उभ्याच बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, घास नीट न चावता, दोन्ही हातांनी. समोर माळावरच्या पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. रोज दिसायच्या त्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. चटणी तिखट होती असं कुणी विचारलं तर सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी घरी तिनं अजिनाथला सांगितलं होतं. तो चिडला तो लपवण्यावर, आणि लगेच सावेडीतल्या डॉक्टरांचा शनिवारचा नंबर लावून मोकळा झाला. झुंबरबाई दोन वर्षांपासून लेकीकडेच राहत होत्या. त्या दाराशी बसून लसूण सोलत होत्या. अजिनाथ बाहेर गेल्यावर उठल्या, पंकजाजवळ येऊन बसल्या, तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एका जागी अंगठा दाबला. पंकजा कळवळली.

"हितंच ना?" आईनं विचारलं. "माजं बी हितंच हाय."

किती वर्षं, हे विचारायची गरज नव्हती. पंकजानं आईच्या अंगठ्यावरच्या जुन्या वणाकडे पाहिलं. वीस-पंचवीस वर्षं तो वण ती पाहत आली होती. फडात शहाणी पोर ठरली ती, आणि पुढे मोठी होऊन, कमावती होऊनही, आईला एकदाही विचारलं नव्हतं. आई म्हणाली की तिला वाटायचं, बाईमाणसाचा हात आसाच आसतो. सगळ्यांचाच आसंल. कशाला सांगायचं?

शनिवारी डॉक्टरांकडे दोघी गेल्या. पंकजाचं लवकर उरकलं. मनगटात नस दाबली गेली आहे, डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं एकच फिरवाफिरवी केली की होतं. आधी पट्टा बांधून पाहू, नाही जमलं तर छोटंसं ऑपरेशन. वेळेवर आलात, संवेदना परत येईल. गेजवर पुन्हा बसता येईल का, तिनं विचारलं. काही महिन्यांनी, आणि सारखं नाही, दुसऱ्या कुणाशी आलटून पालटून. हे रविराजांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मग आईला खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी त्यांना तोंड भिंतीकडे करायला सांगितलं आणि कापसाचा बोळा अंगठ्यावरून फिरवला. कळतंय का आजी? व्हय, झुंबरबाई म्हणाल्या. पहिलं बोट. व्हय. मधलं. व्हय. डॉक्टरांनी कापूस वर उचलून धरला, कुठेच न टेकवता, आणि पुन्हा विचारलं. व्हय, आई म्हणाली, फार नम्रपणे, साहेबाला नाराज करायचं नाही अशा आवाजात. डॉक्टरांनी पंकजाकडे पाहिलं.

ती आईच्या खुर्चीजवळ खाली बसली. "आई, इथं कुणी परत धाडत नाही," ती म्हणाली. "कळत नसेल तर नाही म्हण."

आई भिंतीकडेच पाहत होती. कापूस अंगठ्यावर टेकला.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या.

पहिलं बोट. न्हाई. मधलं. न्हाई. प्रत्येक न्हाईगणिक आवाज मोकळा होत चालला होता. कापूस करंगळीवर आला तेव्हा त्या थबकल्या आणि मान तिरकी करून म्हणाल्या, "हितं मातर कळतंय. बारीक हाय, पर कळतंय." डॉक्टर हसले. करंगळीची नस वेगळी असते, आजी, अगदी बरोबर सांगितलंत. या वयात सगळी संवेदना परत येणार नाही, पण पहाटेच्या मुंग्या नक्की थांबतील, त्यांनी सांगितलं. आईनं विचारलं, ह्या दुखन्याला नाव हाय का? डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते इंग्रजी होतं. मग पंकजानं सोपं करून सांगितलं की नस दबलीय, एवढंच.

"नस दबली हुती," आई म्हणाली.

जिना उतरताना त्या दोनदा थांबल्या. पहिल्यांदा धाप लागली म्हणून. दुसऱ्यांदा कठड्याला धरून म्हणाल्या की तुजी आजी म्हनायची हिच्या हातात ध्यान न्हाई. हंडे पडायचे, ताटं पडायची, एकदा तुपाची कासंडी पडली तवा आठ दिस कुनी बोललं नव्हतं माज्याशी. पंकजानं त्यांचा दंड धरला आणि ऐकत राहिली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. खाली उन्हात रिक्षा उभी होती. केडगाव म्हणून पंकजानं सांगितलं. रिक्षा दिल्ली गेटापर्यंत आली तोवर झुंबरबाई दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या. मग पुढे वाकल्या आणि रिक्षावाल्याला, जो काहीच विचारत नव्हता, म्हणाल्या, "नस दबली हुती, बाबा. हातात ध्यान हुतं माज्या."

रिक्षावाल्यानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "आसंल की, आजी," तो म्हणाला, आणि झुंबरबाई समाधानानं मागे टेकून बसल्या.